पाण्याची वाट अडवताना : तेलविहिरींतील जेलचा इतिहास

खनिज तेलाच्या उद्योगाचा इतिहास सामान्यतः तेलाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. परंतु विहिरीच्या तोंडाशी येणाऱ्या द्रवाचे मोजमाप केले, तर हा उद्योग तेलापेक्षा पाणीच अधिक उपसत आला आहे असे दिसते. विसाव्या शतकाच्या अखेरीस जगभरातील उत्पादनाचा जो अंदाज तज्ज्ञांनी बांधला होता, त्यानुसार तेलाच्या प्रत्येक पिंपामागे सरासरी तीन पिंपे पाणी वर येत होते. हे पाणी बहुधा खारे असते. ते उपसण्यासाठी वीज खर्च होते, तेलापासून वेगळे करण्यासाठी टाक्या आणि रसायने लागतात, नळ गंजतात, आणि शेवटी त्याची विल्हेवाट लावण्यासाठी बहुतेक ठिकाणी ते पुन्हा जमिनीतच सोडावे लागते. म्हणून पाणी वर आल्यावर त्याचे काय करायचे याची चिंता वाहण्यापेक्षा ते खडकातच अडवून धरावे, हा विचार या उद्योगाच्या आरंभापासून आहे. आणि गेल्या सुमारे साठ वर्षांत त्या विचाराने मुख्यतः जेलचा, म्हणजे पाण्याला आपल्या जाळीत धरून ठेवणाऱ्या दहीसदृश पदार्थाचा, आधार घेतलेला आहे.

भूगर्भातील तेलसाठा म्हणजे तेलाने भरलेले तळे नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. तेल वालुकाश्माच्या किंवा चुनखडकाच्या सूक्ष्म छिद्रांत असते, त्याच छिद्रांत थोडेफार पाणीही असते, आणि साठ्याच्या तळाशी किंवा कडेला पुष्कळदा पाण्याने भरलेला विस्तीर्ण खडक असतो. ही छिद्रे एकमेकांशी किती मोकळेपणाने जोडलेली आहेत, यावर खडकातून द्रव किती सहज वाहील हे ठरते. या गुणधर्माला पारगम्यता म्हणतात. एकाच विहिरीत काही फुटांच्या अंतराने असलेल्या थरांची पारगम्यता शेकडो पटींनी वेगळी असू शकते, आणि खडकाला उभी भेग असली तर ती भेग आसपासच्या सगळ्या छिद्रांपेक्षा अधिक द्रव वाहून नेते. वाफ्याच्या बांधाला उंदराचे बीळ पडले की दारे धरणाऱ्याने कितीही पाणी सोडले तरी ते बिळातून निघून जाते आणि वाफा कोरडाच राहतो. तेलसाठ्यात नेमके हेच घडते, फरक इतकाच की हे बीळ जमिनीखाली हजार-दोन हजार मीटरवर असते आणि कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात टायटसव्हिल येथे 1859 मध्ये एडविन ड्रेक याच्या विहिरीला तेल लागले, आणि त्या पाठोपाठ खोदल्या गेलेल्या विहिरींत पाण्याचा उपद्रव लगेचच सुरू झाला. वरच्या थरांतील गोडे पाणी विहिरीच्या भिंतीतून खाली झिरपून तेलाच्या थरावर बसे आणि तेलाचा ओघ दाबून टाकी. त्यावर त्या काळच्या विहीरवाल्यांनी काढलेला उपाय आजही विचार करण्याजोगा आहे : तेल वर आणणाऱ्या नळीभोवती ते चामड्याची पिशवी बांधत, तिच्यात जवस भरत आणि नळी विहिरीत सोडत, पाणी लागताच जवस फुगे आणि नळी व खडक यांच्यामधली फट बंद होई. भिजवलेल्या जवसाला सुटणारा बुळबुळीत चीक हा विदर्भातल्या घरांना परिचित आहे, आणि रसायनशास्त्राच्या भाषेत तो पाणी धरून ठेवणारा जेलच होय. या उपायाचा दोष असा होता, की दुरुस्तीसाठी नळी वर ओढली की पिशवीचा बंद सुटे आणि साचलेले पाणी एकदम खालच्या तेलथरात शिरे, ज्याचा त्रास शेजारच्या विहिरींनाही होई.

हे शिरलेले पाणी सर्वत्र केवळ अनर्थकारकच ठरले असे मात्र नाही. भूवैज्ञानिक जॉन कार्ल याने 1880 मध्ये नोंदवले, की एका विहिरीतून खाली गेलेले पाणी तेलाला पुढे ढकलून शेजारच्या विहिरीचे उत्पादन वाढवू शकते. ब्रॅडफर्ड या तेलक्षेत्रात हा अनुभव इतक्या ठिकाणी आला, की विहीरवाले कायद्याचा निर्बंध असूनही चोरून विहिरींत पाणी सोडू लागले, आणि अखेर 1921 मध्ये पेनसिल्व्हेनियाने या पद्धतीला कायदेशीर मान्यता दिली. काही विहिरींतून पाणी आत सोडायचे आणि त्याच्या रेट्याने तेल दुसऱ्या विहिरींकडे लोटायचे, ही जलप्लावनाची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभर रूढ झाली. तिच्यामुळे तेल वाढले, पण पाण्याचा प्रश्न दुपटीने बिकट झाला. कारण आता निसर्गाच्या पाण्याबरोबर माणसाने सोडलेले पाणीही खडकातील सोपी वाट शोधून, तेलाला वळसा घालून, उत्पादन-विहिरीतून वर येऊ लागले.

पाणी अशी वाट का काढते, याचे गणित हळूहळू मांडले गेले. पिट्सबर्ग येथील गल्फ कंपनीच्या प्रयोगशाळेतील मॉरिस मस्कट आणि राल्फ वायकॉफ यांनी 1935 मध्ये जलशंकूचा सिद्धान्त मांडला. विहिरीतून तेल जोराने ओढले की तळचे पाणी तिच्या तोंडाकडे शंकूच्या आकारात वर चढते, आणि एकदा ते तोंडाला भिडले की तेलापेक्षा पातळ असल्यामुळे विहिरीत प्रामुख्याने तेच येत राहते, असे त्यांनी दाखवून दिले. पुढे 1950 मध्ये डायक्स्ट्रा आणि पार्सन्स यांनी थरांच्या पारगम्यतेतील विषमता एका अंकात व्यक्त करण्याची रीत दिली, त्यामुळे कोणत्या साठ्यात जलप्लावन वाया जाईल याचा आगाऊ अदमास घेता येऊ लागला. दुखणे असे मोजता येऊ लागले, तरी औषध अजून हाती नव्हते.

सिमेंट उपलब्ध होते, आणि विहिरीच्या पोलादी नळाला भोक पडले असेल किंवा नळाबाहेरून पाणी येत असेल तर ते उपयोगीही पडे; परंतु सिमेंटचे कण खडकाच्या छिद्रांत शिरत नाहीत, ते तोंडाशीच अडकतात. खडकात खोल जाऊन मग घट्ट होईल असा द्रव हवा होता. खडकात दोन द्रावणे एकमेकांशी संयोग पावून साका धरतील आणि पाण्याची वाट बुजेल, अशा कल्पनेचे पेटंट अमेरिकेत 1922 मध्येच घेतले गेले होते, आणि सोडियम सिलिकेट, म्हणजे साबण व कागद उद्योगात वापरला जाणारा काचद्रव, हा या कामासाठी दीर्घकाळ वापरात राहिला. सिलिकेटचा जेल मात्र ठिसूळ असतो, कालांतराने आकसतो, आणि तो किती वेळात धरेल यावर ताबा ठेवणे कठीण जाते. जेल हा शब्द आणि त्यामागची कलिल-अवस्थेची कल्पना ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ टॉमस ग्रॅहम याने 1860 च्या दशकात रूढ केली, आणि त्याचा अभ्यासविषयही सिलिकेपासून बनणारा जेल हाच होता. त्यामुळे तेल-उद्योगाने साठ वर्षांनी तोच पदार्थ उचलावा यात एक प्रकारची सलगता दिसते.

कृत्रिम बहुवारिकांच्या, म्हणजे एकाच लहान रेणूच्या हजारो पुनरावृत्तींतून बनलेल्या साखळ्यांच्या, उदयाने चित्र पालटले. डाऊ कंपनीचे डी. जे. पाय आणि युनियन ऑइलचे बी. बी. सँडिफर्ड यांनी 1964 मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध केलेल्या निबंधांतून असे दिसून आले, की पाण्यात अत्यल्प प्रमाणात पॉलिअॅक्रिलअमाइड मिसळले तर ते पाणी दाट होते, खडकातून सावकाश चालते आणि तेलाला अधिक समान रेटा देते. दाट केलेले पाणी अखेर पाणीच असते, ते वाट बुजवत नाही. तेव्हा या साखळ्या एकमेकींना बांधून त्यांची जाळी केली तर, हा पुढचा प्रश्न ओघानेच आला. साखळीऐवजी मूळ लहान रेणू, म्हणजे अॅक्रिलअमाइड, जमिनीत सोडून तेथेच त्याचे बहुवारिक करण्याची रीतही बांधकामात आणि काही प्रमाणात तेलविहिरींत वापरली जात होती, परंतु हा मूळ रेणू मज्जासंस्थेला विषारी असतो. जपानमधील फुकुओका येथे 1974 मध्ये गटाराच्या कामात वापरलेले अॅक्रिलअमाइड विहिरीच्या पाण्यात उतरून एका कुटुंबातील पाच जणांना विषबाधा झाली, आणि स्वीडनमधील हॉलांड्सोस बोगद्यात 1997 मध्ये अशाच रसायनाची गळती होऊन गुरे लुळी पडली. या दोन्ही घटना तेलक्षेत्राबाहेरच्या असल्या, तरी तयार बहुवारिकच जमिनीत सोडावे या मताला त्यांनी बळ दिले.

साखळ्या बांधण्याचे काम प्रथम फिलिप्स पेट्रोलियम कंपनीच्या रसायनज्ञांनी मनावर घेतले. त्यांनी 1970 च्या दशकाच्या पूर्वार्धात अॅल्युमिनियम सायट्रेट आणि बहुवारिक एकामागून एक सोडण्याची पद्धत सुचवली, तसेच क्रोमियमच्या साहाय्याने जेल बनवण्याचे पेटंट घेतले. क्रोमियमच्या या रीतीत षट्संयुजी क्रोमियमचे क्षार, म्हणजे डायक्रोमेट, द्रावणात मिसळून ते खडकात शिरल्यावर दुसऱ्या रसायनाने त्यांचे क्षपण केले जाई. त्यातून तयार होणारा त्रिसंयुजी क्रोमियम आयन शेजारशेजारच्या साखळ्यांवरील कार्बॉक्सिलेट गटांना एकत्र धरून ठेवी. युक्ती चांगली होती, पण षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, आणि खडकातील हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू ही प्रक्रिया भलत्याच वेळी घडवून आणत. याच सुमारास 1973 च्या तेलसंकटाने किमती चढल्या आणि 1980 मध्ये अमेरिकेने लावलेल्या अतिरिक्त नफ्यावरील करात अशा प्रगत उपचारांतून मिळालेल्या तेलाला सवलत मिळाली, त्यामुळे बहुवारिक आणि जेलचे प्रकल्प भराभर सुरू झाले. त्यांतील कित्येक प्रकल्पांत साठ्याचा अभ्यास अपुरा होता आणि करसवलतीची ओढ मोठी होती, असे म्हणणे भाग आहे. 1986 मध्ये तेलाचे भाव कोसळले तेव्हा त्यांतले बहुतेक प्रकल्प बंद पडले, आणि जेल म्हणजे पैसे पाण्यात घालणे अशी त्याची अपकीर्ती मागे राहिली.

त्याच पडत्या काळात या विषयातील सर्वांत टिकाऊ काम झाले. मॅरेथॉन ऑइल कंपनीच्या कोलोरॅडोतील लिटल्टन येथील प्रयोगशाळेत रॉबर्ट सिडान्स्क या रसायनज्ञाने डायक्रोमेटचा मार्ग सोडून थेट त्रिसंयुजी क्रोमियमचाच अवलंब केला. अडचण अशी होती, की मोकळा त्रिसंयुजी क्रोमियम आयन बहुवारिकाला भेटताच क्षणार्धात गुठळ्या होतात, आणि गुठळ्या झालेला द्रव खडकात जात नाही. सिडान्स्कने क्रोमियमभोवती अॅसिटेटचे, म्हणजे शिरक्यातील आम्लापासून आलेल्या आयनाचे, कडे ठेवले. हे कडे सावकाश सुटते, त्यामुळे द्रव तासन् तास, गरजेप्रमाणे काही दिवसही, पातळ राहतो आणि नंतर जागच्या जागी धरतो. या जेलचे मूळ पेटंट 1987 मध्ये मिळाले आणि पुढच्या वर्षी त्याची शास्त्रीय मांडणी प्रसिद्ध झाली. एका प्रचलित पाठात पाण्यात अर्धा टक्का बहुवारिक आणि त्याहून कितीतरी कमी क्रोमियम अॅसिटेट असते. उरलेले नव्याण्णव टक्क्यांहून अधिक वजन पाण्याचेच असते, म्हणजे पाण्याची वाट अडवण्याचे काम पाण्यालाच दिलेले असते, आणि म्हणूनच हा उपचार तुलनेने स्वस्त पडला.

जेल किती घट्ट झाला हे क्षेत्रावर चटकन कळावे यासाठी सिडान्स्कने एक साधी कसोटीही ठरवून दिली. द्रावण काचेच्या बाटलीत ठेवायचे, ठरावीक वेळाने बाटली उलटी करायची, आणि आतला पदार्थ कसा वाहतो हे पाहून त्याला इंग्रजी वर्णमालेतील ए ते जे यांपैकी एक अक्षर द्यायचे. पहिल्या अक्षराचा अर्थ जेल झालेलाच नाही. मधल्या पायऱ्यांवर पदार्थ जिभेसारखा लोंबतो आणि पुन्हा आत ओढला जातो. आणि शेवटच्या अक्षराचा जेल इतका ताठ असतो, की बाटलीला टिचकी मारली तर नादकाट्यासारखे कंपन हाताला जाणवते. महागडी यंत्रे नसलेल्या क्षेत्रांवरही ही परीक्षा करता येत असल्याने ती सर्वत्र पसरली आणि आजतागायत वापरात आहे. वायोमिंगमधील बिग हॉर्न खोऱ्यातील नैसर्गिक भेगांनी चिरलेल्या खडकांत मॅरेथॉनने 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात हा जेल मुख्यतः पाणी सोडणाऱ्या विहिरींतून घातला. भेगा बुजल्यावर सोडलेले पाणी खडकाच्या छिद्रांकडे वळले आणि तेल वाढले; हे यश पुढे अनेकांनी प्रमाण मानले.

यशाच्या या कथेत एक गाठ मात्र राहिली होती. तोच पाठ वापरूनही कित्येक विहिरींत पाण्याबरोबर तेलही बंद होत होते, आणि काहींत काहीच फरक पडत नव्हता. न्यू मेक्सिकोतील सोकोरो येथील पेट्रोलियम संशोधन केंद्रात रँडी सेराइट यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे दीर्घकाळ या गाठीवर काम केले, आणि त्यांचे उत्तर रसायनापेक्षा भूमितीशी अधिक संबंधित होते. पातळ द्रावण विहिरीत सोडले की ते पाण्याच्या थरात जसे शिरते तसे तेलाच्या थरातही शिरते. ते फक्त पाण्याकडेच जाईल ही समजूत निराधार आहे. भेगा नसलेल्या खडकात प्रवाह विहिरीभोवती चहूबाजूंनी पसरतो, आणि अशा ठिकाणी विहिरीलगतच्या खडकात थोडेसे जेल शिरले तरी त्या थराचे उत्पादन पार खालावते. म्हणून तेथे तेलाचा थर यांत्रिक अडथळ्याने वेगळा केल्याशिवाय उपचार करू नये. भेगेतला प्रवाह सरळ रेषेतला असतो, भेगेच्या भिंतींतून खडकात झिरपलेले द्रावण फार अंतर जात नाही, आणि तेथे हाच उपचार सुरक्षित ठरतो. हा भेद एकदा स्पष्ट झाल्यावर वायोमिंगमधील यश आणि अन्यत्रचे अपयश यांची संगती लागते : रसायन तेच होते, पण खडकाची ठेवण निराळी होती. या शाखेच्या इतिहासात याहून मोलाचा निष्कर्ष दुसरा नाही, आणि तो मान्य व्हायला लागलेला काळ पाहता अनेक विहिरींचे नुकसान टळू शकले असते.

याच संशोधनातून आणखी एक विलक्षण गुणधर्म पुढे आला. खडकात जेल बसल्यावर पाण्याची वाट जितकी अडते तितकी तेलाची अडत नाही. हा फरक काही प्रयोगांत दहा पटींपासून शेकडो पटींपर्यंत आढळला. याची कारणमीमांसा अनेक वर्षे चर्चेत राहिली. कॅन्सस विद्यापीठातील पॉल विलहाइट आणि त्यांचे सहकारी यांनी केलेल्या प्रयोगांतून असे दिसले, की तेलाचा दाब जेलमधील पाणी पिळून काढतो आणि जेल आकसून तेलासाठी अरुंद वाटा मोकळ्या होतात. या गुणधर्मावर भाबडा विश्वास ठेवून जेल कोठेही ओतण्याचा मोह मात्र धोक्याचा ठरला, कारण ज्या थरातून पूर्वी निव्वळ तेल येत होते त्या थराचेही त्यामुळे थोडे तरी नुकसान होतेच.

जेल विहिरीजवळ न ठेवता साठ्याच्या अंतर्भागात पोचवावा, या ध्येयाने पुढची पिढी कामाला लागली. अमेरिकेत अत्यल्प बहुवारिक आणि अॅल्युमिनियम सायट्रेट यांच्यापासून सुटे सुटे कलिल-जेल बनवून ते दूरवर वाहून जातात असा दावा 1990 च्या दशकात झाला. सेराइट यांनी त्यावर गंभीर आक्षेप घेतले, आणि वाद दीर्घकाळ चालला. चीनमध्ये मात्र निराळ्या दिशेने मोठी मजल मारली गेली. तेथील तेलक्षेत्रांत बेसुमार पाणी येत होते, आणि 1990 च्या दशकाच्या अखेरीस पेट्रोचायनाच्या संशोधन संस्थेतील बाई बाओजुन आणि सहकाऱ्यांनी जेल जमिनीवरच तयार करून, वाळवून, त्याचे कण पाण्याबरोबर सोडण्याची रीत विकसित केली. हे कोरडे कण पाण्यात पडले की स्वतःच्या कितीतरी पट फुगतात, मऊ असल्याने दाबाखाली आकार बदलत भेगांतून आणि रुंद मार्गांतून पुढे सरकतात, आणि बारीक छिद्रांत शिरू शकत नसल्यामुळे तेलाच्या थराला फारसा धक्का लावत नाहीत. कोरडवाहू शेतीत मुळांशी ओल टिकवण्यासाठी जे हायड्रोजेलचे दाणे वापरले जातात, ते याच जातीच्या पदार्थांचे आहेत. चीनमधील हजारो विहिरींत हे कण घातले गेले आहेत. जवसाची पिशवी आणि हे कण यांच्यामध्ये जवळजवळ दीड शतकाचे अंतर आहे, तरी आधी फुगण्याची शक्ती पदार्थात साठवायची आणि मग त्याला पाणी दाखवायचे, ही कल्पना दोन्हींत एकच आहे.

याच सुमारास अमेरिकी व ब्रिटिश कंपन्यांच्या संयुक्त प्रयत्नांतून ब्राइटवॉटर नावाचे सूक्ष्मकण आले. हे कण घट्ट आवळलेले असतात, थंड पाण्याबरोबर खडकात खोलवर जातात, आणि साठ्याच्या उष्णतेने त्यांचे काही बंध तुटले की तापल्या खापरावर ज्वारीची लाही फुटावी तसे उमलून वाट अडवतात. इंडोनेशियातील मिनास क्षेत्रात 2001 मध्ये त्यांची पहिली चाचणी झाली, आणि नंतर अलास्कातील मिल्न पॉइंट येथे वाढीव तेल मिळाल्याची नोंद झाली.

भारताच्या दृष्टीने या विषयाचे ठिकाण मुंबईच्या पश्चिमेस सुमारे 160 किलोमीटरवर समुद्रात आहे. ‘सागर सम्राट’ या खोदकामाच्या फलाटाने 1974 मध्ये शोधलेल्या मुंबई हाय क्षेत्रातून 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले, आणि 1984 पासून तेथे पाणी आत सोडले जाऊ लागले. तेथील मुख्य साठा थराथरांच्या चुनखडकात आहे आणि थरांची पारगम्यता विषम आहे, त्यामुळे पाणी कोणत्या थरातून येते हे ओळखणे हा तेथील अभियंत्यांपुढचा रोजचा प्रश्न आहे. तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाची साठ्यांचा अभ्यास करणारी संस्था अहमदाबादला आहे, तर विहिरींच्या उत्पादनतंत्राचा अभ्यास करणारी संस्था पनवेलला आहे. समुद्रातल्या फलाटावर जागा, वजन आणि वेळ यांची मर्यादा असल्यामुळे जमिनीवरील विहिरीइतक्या सहजतेने उपचार करून पाहणे तेथे शक्य नसते, म्हणून आधीचे निदान तेथे अधिक महत्त्वाचे ठरते.

निदानाचा हा आग्रह 2003 मध्ये सेराइट, रॉबर्ट लेन आणि सिडान्स्क यांनी मिळून लिहिलेल्या निबंधात पूर्णपणे व्यक्त झाला. ज्याने रसायन घडवले आणि ज्याने त्याच्या मर्यादा दाखवल्या, ते दोघे येथे एकत्र आले, ही गोष्ट मुद्दाम नोंदवण्याजोगी आहे. त्यांनी पाण्याच्या तक्रारींचे सोपी ते अवघड असे चार गट केले, आणि सोप्या कारणांचा शोध आधी घ्यावा असे सांगितले. नळातील मोठ्या गळतीला सिमेंटसारखे नेहमीचे उपाय पुरेसे आहेत. बारीक गळती आणि तळच्या पाण्याला जोडणाऱ्या भेगा यांना पातळ द्रावणाचा जेल मानवतो. दोन विहिरींना जोडणाऱ्या मोठ्या भेगांना आधीच तयार झालेला जेल द्यावा. चौथ्या गटात त्यांनी मस्कट आणि वायकॉफ यांचा जलशंकू ठेवला. भेगा नसलेल्या खडकात तळचे पाणी चहूबाजूंनी शंकूरूपाने चढत असेल, किंवा पाणी व तेलाचे थर एकमेकांत मोकळेपणाने झिरपत असतील, तर विहिरीजवळ घातलेल्या जेलला पाणी वळसा घालून पुन्हा विहिरीपर्यंत येते. अशा विहिरींत जेलचा उपचार करू नये, असा त्यांनी स्पष्ट सल्ला दिला, आणि तो आजही लागू आहे.